बांगडा नॉर्वेचा, बळा सेनेगलचा: कोरियातल्या हॉटेलात मासळीचा देश कसा लिहायचा

दक्षिण कोरियात हॉटेलात शिजवून वाढलेल्या मासळीचा देश गिऱ्हाइकाला दिसेल असा लिहावा लागतो. हॉटेल टपरीएवढं असो की तीन मजली, सूट नाही. मालक परदेशी आहे, आचारी काल-परवा मुंबईहून आलाय, कोरियन वाचता येत नाही, ही कारणं तपासनीस शांतपणे ऐकून घेतो आणि पुढचा कागद काढतो. इथल्या भारतीय हॉटेलांच्या पाट्या, बिलं आणि तपासण्या सांभाळताना जे हाताखालून गेलं, ते इथे मांडलं आहे.

या नियमाला बोलीत सगळे ‘वॉनसानजी’ म्हणतात, म्हणजे मालाचं मूळ ठिकाण. शेतमाल आणि मासळी दोन्हींसाठी कायदा एकच आहे, 2010 सालचा. मासळीची तपासणी समुद्र व मत्स्य मंत्रालयाखालची राष्ट्रीय मत्स्य-उत्पादन गुणवत्ता संस्था करते, तिचं मुख्यालय बुसानला आहे. चिकन, मटण, तांदूळ यांची तपासणी कृषी खात्याच्या वेगळ्या संस्थेकडे असते. शहराचे आणि जिल्ह्याचे लोकही येऊ शकतात. हॉटेलवाल्याला या वाटणीशी फारसं देणंघेणं नसतं, कारण पाटी एकच असते. फक्त ‘मागच्या महिन्यात तर येऊन गेले’ म्हणून निर्धास्त राहू नये. मागच्या महिन्यात आलेले मांसाचे असतील, आजचे मासळीचे.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती यादी. सगळ्या मासळीचा देश लिहावा लागत नाही, ठरावीक वीस प्रकारांचाच लागतो. 2012 मध्ये सहा प्रकारांनी सुरुवात झाली: ग्वांगओ नावाचा चपटा मासा, उरक म्हणजे रॉकफिश, छामदोम हा लालसर समुद्री मासा, मिक्कुराजी हा चिखलातला लांबट मासा, गोड्या पाण्यातली वाम आणि नाकजी हा लांब पायांचा लहान ऑक्टोपस. 2013 मध्ये म्यंगते म्हणजे पोलॉक, गोदुंगओ म्हणजे बांगडा आणि गालची म्हणजे बळा आले. नंतर ओजिंगओ म्हणजे माकुल, क्कोतगे हा खेकडा आणि छामजोगी हा पिवळा मासा. त्यानंतर ट्यूना, आग्वी म्हणजे मंकफिश आणि चुक्कुमी हा आणखी एक लहान ऑक्टोपस. 1 जुलै 2023 पासून आणखी पाच: गारिबी म्हणजे स्कॅलप हा शिंपला, मंगगे म्हणजे सी-स्क्वर्ट हा समुद्री जीव, पांगओ म्हणजे यलोटेल मासा, जनबोक म्हणजे अबालोनी आणि छामजोगीसारखा दिसणारा पुसे. यादी वाढत जाते, कमी होताना दिसलेली नाही. म्हणून तीन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी बनवून दिलेली पाटी आज पुरी पडेलच असं नाही. चालतं हॉटेल विकत घेणाऱ्यांनी भिंतीवरची जुनी पाटी भांड्याकुंड्यांबरोबर आपलीशी करू नये. आधीचा मालक कुठून माल आणायचा ते त्याच्याबरोबर गेलं.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. मालवणी किंवा गोवन पद्धतीचं ताट कोरियात लावायचं तर त्यातलं काय यादीत येतं?

बांगडा येतो. इथे मिळतो तो गोदुंगओ, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, अंगाने जाडा आणि तेलकट. गोठवलेला बहुतेक नॉर्वेचा असतो. तिखलं करा, तळा नाहीतर तंदूरला लावा, गोदुंगओचा देश लिहायचाच. बळा येतो. त्याला इथे गालची म्हणतात आणि कोरियन लोक तो कौतुकाने खातात. स्वस्तातला गोठवलेला सेनेगलहून किंवा चीनहून येतो, महागातला जेजू बेटाचा. माकुल म्हणजे ओजिंगओ, तो येतो. खेकडाही येतो: क्कोतगे कोरियाचा असू शकतो, चीनचा किंवा बहारीनचाही.

सुरमईच्या जातीचा सामछी यादीत नाही. पापलेटच्या जवळचा प्यंगओ यादीत नाही. आणि कोलंबी, जिच्यावर भारतीय हॉटेलाचा मासळीचा अर्धा धंदा चालतो, तीही नाही. कोळंबी मसाला, कोळंबी कोळीवाडा, कोळंबी बिर्याणी, कशातच कोलंबीचा देश लिहिणं बंधनकारक नाही. पण तीच कोलंबी जिवंत आणून दर्शनी काचेच्या टाकीत ठेवलीत, तर लिहावा लागतो. जिवंत मासळीचा नियम वेगळा आहे. शिजवून विकण्यासाठी टाकीत ठेवलेला कुठलाही जिवंत जलचर, मग तो वीसच्या यादीत असो वा नसो, त्याचा देश टाकीवर हवा. भारतीय हॉटेलं सहसा टाकीच्या फंदात पडत नाहीत, पण कोरियन भागीदाराबरोबर मोठं हॉटेल काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. टाकीवरची अक्षरं किमान 30 पॉइंटची हवीत. आणि एकाच जातीचा मासा दोन देशांतून आला असेल तर टाकीत मध्ये आडोसा घालून दोन्ही वेगळे ठेवायचे. जपानी छामदोम आणि कोरियन छामदोम एका पाण्यात फिरताना दिसले, तर वर लिहिलेलं कितीही खरं असलं तरी मोडतंच.

सुक्या मासळीबाबत एक गंमत आहे. म्यंगते म्हणजे पोलॉक यादीत आहे, पण सुकवलेला म्यंगते वगळलेला आहे. थंडीत गोठवत-सुकवत केलेला ह्वांगथे किंवा नुसता सुका पुगअ वापरून सार केलंत तर पाटीवर त्याचा उल्लेख लागत नाही. गोठवलेल्या म्यंगतेचे तुकडे घालून कालवण केलंत तर लागतो. बाकीच्या प्रकारांत प्रक्रिया केलेला मालही धरला जातो. पाकिटातून तयार आलेले मसाला लावलेले बांगड्याचे तुकडे तळून वाढले तरी गोदुंगओचा देश लिहायचा. पाकिटाच्या मागे, घटकांच्या बारीक अक्षरांत तो असतो.

मासळीशिवाय याच पाटीवर गाय, डुक्कर, कोंबडी, बदक, मेंढी, बकरी, तांदूळ, बंद कोबीची किमची आणि सोयाबीनचे काही पदार्थ येतात. भारतीय हॉटेलात त्यातलं चिकन, लँब आणि भात हमखास असतो. भाताबद्दल लोक चक्रावतात. बासमतीची पोती ज्या देशाची असतील तो देश लिहायचा. भारतीय हॉटेल आहे म्हणून ‘भारतीय तांदूळ’ असं गृहीत धरून चालत नाही, पोत्यावर पाकिस्तान लिहिलेलं असू शकतं. पुलावात बासमती आणि कोरियन तांदूळ मिसळत असाल तर ज्याचं प्रमाण जास्त तो देश आधी, दुसरा नंतर आणि शेवटी ‘मिसळून’ असा शब्द.

आता पाटी. इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे मेन्यूकार्ड आणि भिंतीवरचा दरफलक, या दोन्हींवर प्रत्येक पदार्थाच्या शेजारी किंवा खाली देश लिहायचा. अक्षरं पदार्थाच्या नावाएवढी किंवा त्याहून मोठी. बारीक अक्षरांत कंसात घुसवून टाकायचा मोह इथेच मोडतो. दुसरी वाट म्हणजे वेगळी पाटी लावायची. तिच्या माथ्यावर ‘वॉनसानजी फ्योसीफान’ म्हणजे ‘मूळ ठिकाणाची पाटी’ हेच शब्द हवेत, पाटी किमान 29 बाय 42 सेंटिमीटर, अक्षरं किमान 60 पॉइंट, पदार्थाची नावं मात्र 30 पॉइंटपर्यंत लहान चालतात. ही पाटी नियमाप्रमाणे लावली की मेन्यूकार्डावर आणि फलकावर पुन्हा लिहायची गरज राहत नाही.

भारतीय हॉटेलांना आम्ही सरसकट दुसरी वाट सुचवतो. आपली मेन्यूकार्डं जाडजूड, लॅमिनेट केलेली, फोटोंनी भरलेली. त्यात ऐंशी-शंभर पदार्थ, आणि चिकन निम्म्यांत. पुरवठादाराने देश बदलला की सगळी कार्डं रद्दीत. पाटीवर एक ओळ बदलली की झालं.

29 बाय 42 म्हणजे जवळजवळ ए-थ्री कागद. कुठल्याही छपाईच्या दुकानात लगेच मिळतो, म्हणून सगळे तोच धरतात. पण छापण्याआधी एक हिशेब करावा. 60 पॉइंटचं कोरियन अक्षर सुमारे 2.1 सेंटिमीटर. उभ्या ए-थ्रीवर समास सोडून एका ओळीत बाराच्या आसपास अक्षरं बसतात. ‘बांगडा फ्राय (गोदुंगओ: नॉर्वे)’ एवढा मजकूर कोरियनमध्ये, पदार्थाचं नाव 30 पॉइंटला आणून, एका ओळीत जेमतेम मावतो. उभ्या कागदावर माथा सोडून अकरा-बारा ओळी. चिकन, लँब, तांदूळ, किमची, बांगडा, माकुल, खेकडा एवढ्यात कागद भरत येतो. मग छपाईवाला न विचारता अक्षर 48 पॉइंटला आणतो, कारण त्याला सगळं एका कागदावर ‘नीट’ बसवायचं असतं. पाटी देखणी होते आणि नियमात बसत नाही. त्यापेक्षा सरळ ए-टू घ्यावा. त्याला सांगतानाच ‘60 पॉइंटच्या खाली जायचं नाही, कागद वाढवा’ असं बजावावं, आणि छापून आल्यावर पट्टी लावून अक्षर मोजावं.

अक्षरं पार्श्वभूमीवर उठून दिसली पाहिजेत. आपल्याकडे सोनेरी किनार, मरून रंग आणि त्यावर पिवळी वळणदार अक्षरं ही जी हौस असते, ती मेन्यूकार्डावर भागवावी. इथे पांढऱ्यावर काळं. मजकूर कोरियनमध्ये हवा, शेजारी इंग्रजी चालतं. नुसतं इंग्रजी चालत नाही.

पाटी लावायची कुठे? दुकानात जो सर्वांत मोठा दरफलक असेल त्याच्या शेजारी किंवा खाली. फलकच नसेल तर मुख्य दारातून आत आल्यावर समोर, गिऱ्हाइकाला सहज दिसेल अशी. गल्ल्यामागे, हात धुण्याच्या जागेजवळ, गणपतीच्या फोटोखाली फुलांच्या माळेने अर्धी झाकलेली, अशा पाट्या आम्ही पाहिल्या आहेत. गणपतीची जागा बदलायला मालक तयार नसतात, म्हणून पाटीची बदलावी. हॉटेलात भिंतींनी वेगळ्या केलेल्या खोल्या असतील, पार्टीसाठी किंवा कुटुंबांसाठी, तर प्रत्येक खोलीत देश लिहिलेलं मेन्यूकार्ड किंवा फलक हवा. काचेची पारदर्शक भिंत असेल तर ती यात धरत नाहीत.

मजकूर कसा लिहायचा यात सर्वांत जास्त चुका होतात. साचा सोपा आहे: पदार्थाचं नाव, मग कंसात कच्च्या मालाचं नाव, दोन टिंबं आणि देश. ‘आयात माल’ एवढंच लिहून भागत नाही, देशाचं नाव हवं. ‘नॉर्वे, चीन, कोरिया’ असे तिन्ही देश एका ओळीत टाकून ‘यातला कुठलातरी असेल’ अशी सोय करून ठेवणं हीही पळवाट नाही, तो गिऱ्हाइकाची दिशाभूल करण्याचा प्रकार धरतात. एकाच मालात खरोखर दोन देशांचा मासा मिसळला असेल, तर प्रमाण जास्त असलेला देश आधी. एका ताटात वेगवेगळे मासे असतील तर प्रत्येकाचा वेगळा: सी-फूड प्लॅटरला माकुल अमुक, खेकडा तमुक. सगळ्या पदार्थांत एकाच देशाचं चिकन वापरत असाल तर ‘आमच्या दुकानात फक्त कोरियाचं चिकन वापरतो’ असं एक वाक्य चालतं. मग त्या वाक्याला चिकटून राहावं लागतं. एखाद्या शनिवारी घाईत ब्राझीलच्या बोनलेसच्या दोन पिशव्या आल्या की ते वाक्य खोटं ठरतं.

कोरियाच्या मासळीला ‘कुंगनेसान’ म्हणजे देशांतर्गत, किंवा ‘यनगुनहेसान’ म्हणजे किनाऱ्याजवळच्या समुद्रातली, असं लिहितात. तिसरा शब्द जरा जपून वापरायचा: ‘वॉनयांगसान’. कोरियन झेंड्याच्या जहाजाने दूरच्या महासागरात पकडलेली मासळी म्हणजे वॉनयांगसान. पुढे समुद्राचं नाव जोडता येतं. रशियाच्या बाजूच्या पाण्यात रशियन जहाजाने पकडलेला म्यंगते ‘रशिया’, आणि त्याच पाण्यात कोरियन जहाजाने पकडलेला ‘वॉनयांगसान’. मासा तोच, थंडी तीच, वेगळा आहे तो फक्त झेंडा. खोक्यावर जो शब्द छापला असेल तोच पाटीवर उतरवावा, आपलं भूगोलाचं ज्ञान मध्ये आणू नये.

जपानच्या मालाबद्दल गिऱ्हाईक सर्वांत बारकाईने वाचतं. फुकुशिमासह आठ जिल्ह्यांची मासळी कोरियाने सप्टेंबर 2013 पासून बंद ठेवली आहे. जपानने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, पण अपिलात एप्रिल 2019 मध्ये कोरियाची बाजू टिकली. पुढे 24 ऑगस्ट 2023 ला फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुवीज केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली, आणि जपानहून येणाऱ्या छामदोम, गारिबी, मंगगे यांच्या पाट्यांवर तपासणी घट्ट झाली. जपानचा बाकीच्या जिल्ह्यांतला माल मात्र कायदेशीर येतो, आणि पाटीवर ‘जपान’ एवढंच लिहायचं असतं, जिल्हा नाही. भारतीय हॉटेलात जपानी मासळी क्वचित असते. पण बुफेला स्कॅलप ठेवणाऱ्यांनी खोकं वाचल्याशिवाय ‘कोरिया’ लिहू नये. घाऊक बाजारात गारिबी जपानचीही असते, कोरियाचीही आणि चीनचीही.

इथपर्यंत जे सांगितलं ते एकदा करून संपणारं काम आहे. खरी मेहनत कागदांची. कायदा म्हणतो की माल घेतल्याच्या दिवसापासून सहा महिने त्याची बिलं दुकानात ठेवायची, आणि त्या बिलांवरून देश कळला पाहिजे. मालाची सविस्तर यादी असलेलं जे बिल पुरवठादार देतो, त्याला इथे कोरेम्यंगसेसो म्हणतात. त्यात वस्तूचं नाव, देश, वजन, भाव, तारीख असते. मोठे पुरवठादार हे छापूनच देतात. अडचण येते ती बाजारातल्या खरेदीत. मासळी बाजारात पहाटे जाऊन खेकडे घेतले, कार्ड टेकवलं, चिठ्ठी आली. तिच्यावर दुकानाचं नाव आणि एकूण रक्कम. खेकडा की कालवं, कोरियाचा की चीनचा, काहीच नाही. ती चिठ्ठी तपासणीत निरुपयोगी. विक्रेत्याकडून तिथल्या तिथे हाताने लिहिलेली पावती घ्यायची: मासा, देश, किलो, तारीख, दुकानाचा शिक्का. तो कंटाळा करतो, पण देतो. देत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नये, कारण त्याच्याकडेही पुढे दाखवायला काही नसण्याची शक्यता असते.

दुसरा पुरावा म्हणजे खोकं. गोठवलेल्या बांगड्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर एका बाजूला कोरियन लेबल चिकटवलेलं असतं: मालाचं नाव, मूळ देश, आयात करणाऱ्याचं नाव, वजन, तारीख. आचारी काय करतो? खोकं फाडतो, मासे पारदर्शक पिशव्यांत भागून फ्रीझरमध्ये टाकतो, पुठ्ठा रद्दीत. आता फ्रीझरमध्ये बिननावाच्या पिशव्या. त्यात नॉर्वेचा बांगडा आणि गेल्या आठवड्यात संपता संपता आणलेला कोरियन बांगडा शेजारी शेजारी, दोन्ही बर्फाने पांढरे, आचाऱ्यालाही ओळखू येत नाहीत. पाटी, बिलं आणि फ्रीझर या तिघांत तिसरा साक्षीदार मुका झाला. यावर उपाय फुकटातला आहे. लेबलचा चौकोन कात्रीने कापून पिशवीत किंवा डब्याच्या झाकणाखाली टाकायचा. फ्रीझरच्या दारावर आत काय आहे आणि कुठल्या देशाचं आहे त्याचा कागद लावायचा. आणि नवा देश आत आला की जुना संपेपर्यंत तो वेगळ्या कप्प्यात. जो आचारी हे पाळतो त्याच्या हॉटेलात तपासणी लवकर आटपते.

पाटी चुकते ती बहुतेक वेळा फसवण्याच्या हेतूने नाही, तर माल बदलला आणि पाटी तशीच राहिली म्हणून. नॉर्वेचा बांगडा संपला, पुरवठादाराने फोन न करता चीनचा पाठवला, संध्याकाळी तळून वाढला. त्या संध्याकाळी पाटी खोटी आहे. उलटंही तितकंच चुकीचं. पाटीवर चीन आणि ताटात कोरियाचा महाग मासा, म्हणजे गिऱ्हाइकाचा फायदाच झाला, असा युक्तिवाद टिकत नाही, पाटी खरी की खोटी एवढंच बघतात. म्हणून देशाच्या नावाची जागा बदलता येईल अशी पाटी घ्यावी. पदार्थ कायम छापलेले आणि देशाच्या जागी सरकवायच्या पट्ट्या, अशा तयार पाट्या मिळतात. पट्टीवरचं अक्षरही 60 पॉइंटचंच हवं. मार्करने हाताने खाडाखोड केलेली पाटी पाहिली की तपासनीस फ्रीझरकडे जास्त वेळ देतो. माल उतरवून घेणाऱ्या माणसालाच पाटी बदलायचा अधिकार द्यावा. मालकाच्या परवानगीची वाट बघत बसलं की संध्याकाळ निघून जाते.

पार्सलचं काय? हॉटेलात बसून खाणाऱ्याला पाटी दिसते, घरी मागवणाऱ्याला दिसत नाही, म्हणून घरपोच जेवणालाही हा नियम लागू आहे. ॲपवरच्या दुकानाच्या पानावर मूळ देशाची जागा असते, तिथे भरायचं. आणि जेवण पोचतं तेव्हा डब्यावर, किंवा सोबतच्या चिठ्ठीवर, स्टिकरवर अथवा पावतीवर देश असावा लागतो. तीन-चार ॲपवर दुकान असेल तर देश बदलला की तितक्या ठिकाणी बदलायचा. एक हमखास विसरतं. आम्ही पाटीच्या मागच्या बाजूलाच ‘कुठे कुठे बदलायचं’ अशी यादी चिकटवतो: फ्रीझरचं दार, प्रत्येक ॲप, पार्सलचं स्टिकर, दुसऱ्या मजल्यावरचं मेन्यूकार्ड.

तपासणीचा क्रम बहुतेक ठरलेला. ओळखपत्र दाखवतात, आधी भिंत बघतात, मग मेन्यूकार्ड, मग स्वयंपाकघर. पाटीवरचा एक पदार्थ निवडून त्याचा कच्चा माल दाखवा म्हणतात, त्या मालाचं बिल मागतात, तारीख आणि वजन जुळवतात. महिन्याला वीस किलो नॉर्वेच्या बांगड्याची बिलं आणि विक्री मात्र त्याच्या दुप्पट, असं दिसलं की प्रश्न सुरू होतात. हे अधिकारी नुसते दंडाची पावती फाडणारे नसतात. त्यांना गुन्ह्याचा तपास करण्याचे विशेष पोलिसी अधिकार आहेत. त्यांच्याशी हुज्जत घालू नये, आणि ‘चहा घ्या, जेवून जा’ हा आपला पाहुणचारही त्या वेळेपुरता आवरावा, त्याचा अर्थ भलताच निघतो. भाषेची अडचण असेल तर कोरियन येणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलवून घेतो म्हणावं, थांबतात. चुसक आणि सल्लाल या दोन मोठ्या सणांच्या आधीचे आठवडे तपासणीचा हंगाम असतो.

दंडाचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. देश लिहिलाच नाही, तर प्रशासकीय दंड, कमाल एक कोटी वॉन. हॉटेलातल्या मासळीसाठी प्रत्यक्षात तो प्रत्येक प्रकारामागे पहिल्यांदा तीन लाख वॉन, दुसऱ्यांदा सहा लाख, तिसऱ्यांदा दहा लाख असा चढतो. बांगडा, माकुल आणि खेकडा तिन्हींचा देश नसेल तर तिप्पट. खोटा देश लिहिला, तर तो गुन्हा: सात वर्षांपर्यंत कैद किंवा दहा कोटी वॉनपर्यंत दंड. शिक्षा झाल्यावर पाच वर्षांत पुन्हा तेच केलं तर कैद किमान एक वर्ष आणि कमाल दहा. खोटं लिहिणाऱ्यांचं दुकानाचं नाव आणि पत्ता सरकारी संकेतस्थळावर जाहीर होतो. कोरियन गिऱ्हाईक नवं हॉटेल शोधताना सगळं नेटवर बघतं, त्यामुळे दंडापेक्षा हे जास्त लागतं. बिलं न ठेवल्याचा दंड वेगळा.

यातला व्यवहारी निष्कर्ष काहींना उलटा वाटेल. शंका असेल तेव्हा अंदाजाने देश लिहू नये. पुरवठादाराला फोन करून खात्री होईपर्यंत तो पदार्थ त्या दिवशी मेन्यूतून काढावा. ‘आज बांगडा नाही’ हे वाक्य फुकट आहे. कोरियन गिऱ्हाईक त्यावर रागावत नाही, ते पनीर मागवतं.

नवीन हॉटेल काढणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा. स्वच्छतेचं प्रशिक्षण, आरोग्य तपासणीचा दाखला, जिल्हा कार्यालयातली नोंद आणि कर कार्यालयातली नोंद हे सगळं आधी असतंच. वॉनसानजीसाठी कुठे अर्ज नाही, शुल्क नाही, कुणी मंजुरीचा शिक्का मारत नाही. नेमकं म्हणूनच ते राहून जातं. मेन्यू पक्का झाला की यादीतले प्रकार त्यातून उचलावेत, प्रत्येकाचा पुरवठादार ठरवावा, पहिला माल आल्यावर खोक्यावरचा देश बघून मगच पाटी छापावी. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात पुरवठादाराच्या तोंडी सांगण्यावरून पाटी छापली, आणि उद्घाटनाला आलेल्या खोक्यावर दुसराच देश निघाला, हा प्रकार नेहमीचा आहे. फ्रीझर भरल्यावर छपाईच्या दुकानात जावं. ए-टू कागद बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतो.